लिनक्सवर मोबाइल डेटा कार्ड चालू करायचं कसं?

डेटा कार्ड लिनक्स संगणकाला लावलं आणि काहीच झालं नाही, की बहुतेक नवखे लोक थेट कनेक्शनच्या सेटिंगमध्ये शिरतात. एपीएन (मोबाइल कंपनीच्या इंटरनेटच्या प्रवेशद्वाराचं नाव) बदलून बघतात, पासवर्ड टाकून-काढून बघतात, जुन्या लेखांतल्या फायली जशाच्या तशा उतरवतात आणि शेवटी कंटाळून कार्ड खणात टाकतात. त्या वेळी तपासायची गोष्ट वेगळीच असते. हे कार्ड आत्ता संगणकाला नेमकं काय म्हणून दिसतंय? सीडी म्हणून, मोडेम म्हणून, की छोटा राउटर म्हणून? एवढं कळलं की पुढे कुठल्या खिडकीत जायचं, पिन कुठे टाकायचा, बिघाड कुठे शोधायचा हे सगळं आपोआप ठरतं. म्हणून इथे आधी ओळख पटवू आणि सेटिंगला नंतर हात लावू.

सुरुवातीलाच एक सूचना. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, द्यायच्या आज्ञा या लेखात देवनागरीत लिहिल्या आहेत. त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. आज्ञा मोजक्याच आहेत आणि बरंचसं काम माउसनेही होतं, तेव्हा टर्मिनलची धास्ती घेऊ नका.

कार्ड लावण्याआधी

इंटरनेट चालू करायला लागणारी पॅकेजं इंटरनेटवरूनच उतरवावी लागतात, हा पहिला पेच. त्यावर सोपा उपाय म्हणजे फोन. फोन यूएसबी केबलने संगणकाला जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला तो वायरच्या नेटवर्कसारखा दिसतो आणि सहसा काहीही न करता चालतो. तेवढ्या वेळात पुढच्या चार गोष्टी संगणकात आहेत का ते पाहून घ्या.

नेटवर्क मॅनेजर हा कनेक्शन सांभाळणारा मुख्य प्रोग्राम. मोडेम मॅनेजर प्रत्यक्ष मोडेमशी बोलतो: सिम वाचतो, पिन देतो, नेटवर्कवर नोंदणी करवतो. यूएसबी-मोडस्विच हे कार्डाला सीडीच्या रूपातून मोडेमच्या रूपात आणतं. त्याची डेटा फाइल बऱ्याच डिस्ट्रोंत (उबुंटू, फेडोरा अशा लिनक्सच्या वेगवेगळ्या अवतारांत) वेगळ्या पॅकेजमध्ये असते, तीही हवी. चौथं म्हणजे मोबाइल-ब्रॉडबँड-प्रोव्हायडर-इन्फो. यात देशोदेशींच्या मोबाइल कंपन्यांचे एपीएन साठवलेले असतात, त्यामुळे ते शोधत बसावे लागत नाहीत. उबुंटू आणि मिंटमध्ये हे बहुधा आधीच बसवलेलं असतं. फेडोरात नेटवर्क मॅनेजरचा ‘डब्ल्यूवॅन’ नावाचा जोड-भाग वेगळं पॅकेज म्हणून येतो. तो नसेल तर मोडेम दिसतो, पण जोडला जात नाही. आर्चवर मोडेम मॅनेजर स्वतः बसवावा लागतो आणि त्याची सर्व्हिसही स्वतःच चालू करावी लागते.

आता सिम. ते आधी फोनमध्ये घालून त्यावर इंटरनेट चालतं का ते बघा. हे अगदी साधं वाटतं, पण पॅक संपलेला असणं किंवा सिम अजून चालूच झालेलं नसणं ही कारणं लिनक्समध्ये शोधून सापडत नाहीत. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन एपीएन लिहून घ्या, सिमला पिन आहे का तेही बघा. शक्य असेल तर पिन फोनमधूनच बंद करून टाका, म्हणजे सुरुवातीची जोडणी सोपी जाते. चालू झाल्यावर हवा तर पुन्हा लावता येतो. चुकीचा पिन तीनदा दिला की सिम पीयूके (पिनचं कुलूप उघडायचा आकडा) मागतं आणि पीयूकेही दहा वेळा चुकला तर ते सिम कायमचं बाद होतं. पिन आठवत नसेल तर अंदाजाने आकडे टाकू नका.

जुन्या कार्डांत मोठ्या आकाराच्या सिमची खाच असते आणि हातात असतं नॅनो सिम. मध्ये प्लास्टिकची चौकट वापरावी लागते. ती ढिली असेल तर सिम आत सरकवताना किंचित तिरकं होतं आणि बाहेर काढताना चौकट खाचेतल्या पितळी पत्त्यांना अडकते. जोर लावला की पत्ती वाकते, आणि एक पत्ती वाकली की कार्ड संपलंच. चौकटीवर सिमच्या मागच्या बाजूने चिकटपट्टीचा पातळ तुकडा लावा, मगच आत घाला.

कार्ड लावा आणि कर्नलचे संदेश वाचा

टर्मिनल उघडा आणि ही आज्ञा द्या: ‘सुडो डीमेसेज -डब्ल्यू’. इथे डीमेसेज म्हणजे डी, एम, ई, एस, जी ही पाच अक्षरं. कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, संदेश पडद्यावर येऊ लागतील आणि आज्ञा थांबून राहील. आता कार्ड यूएसबी पोर्टमध्ये घाला आणि हात न लावता वीसेक सेकंद बघत राहा.

पहिली ओळ येते ती नवं हाय-स्पीड यूएसबी उपकरण सापडल्याची. पाठोपाठ कंपनीचं नाव, उत्पादनाचं नाव. मग बहुतेक कार्डांच्या बाबतीत सीडी-रॉम सापडल्याची ओळ येते आणि ‘एसआर०’ किंवा ‘एसआर१’ असं नाव दिसतं. यूएसबी-मोडस्विच बसवलेलं असेल तर दोन-तीन सेकंदांत ‘यूएसबी डिस्कनेक्ट’ अशी ओळ येते. इथे घाबरून कार्ड काढू नका. कार्ड रूप बदलतंय. लगेच नवं उपकरण सापडल्याची ओळ पुन्हा येते, या वेळी वेगळ्या क्रमांकाने, आणि त्यानंतर जे येतं ते नीट वाचायचं:

‘ऑप्शन’ नावाच्या ड्रायव्हरची ओळ आणि ‘टीटीवाययूएसबी०’, ‘टीटीवाययूएसबी१’ अशी पोर्टची नावं आली तर कार्ड मोडेम म्हणून लागलं आहे. ‘क्यूएमआय-डब्ल्यूवॅन’ किंवा ‘सीडीसी-एमबीआयएम’ हे ड्रायव्हर दिसले तरी मोडेमच, पण नव्या आणि वेगवान पद्धतीचा. ‘सीडीसी-इथर’ किंवा ‘आरएनडीआयएस-होस्ट’ एकटेच दिसले तर बहुधा राउटर पद्धतीचं कार्ड. आणि सीडी-रॉमच्या पुढे गाडी सरकलीच नाही, तर कार्ड अजून सीडीच आहे.

कंट्रोल आणि सी एकत्र दाबून ही आज्ञा बंद करा. मग ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा द्या. लावलेल्या प्रत्येक यूएसबी उपकरणाची एक ओळ येईल. त्यात ‘आयडी’नंतर विसर्गचिन्हाने जोडलेले दोन चार-अंकी संकेत असतात. पहिला कंपनीचा, दुसरा त्या रूपाचा. हुआवेचा संकेत १२डी१, झेडटीईचा १९डी२. एकच कार्ड सीडी असताना एक आयडी दाखवतं आणि मोडेम झाल्यावर दुसरा. हुआवेची कितीतरी कार्डं सीडीच्या रूपात १२डी१:१४४६ अशी दिसतात, राउटर पद्धतीची १२डी१:१एफ०१ अशी दिसून बदलल्यावर १२डी१:१४डीबी होतात. झेडटीईची अनेक कार्डं सीडी असताना १९डी२:२००० दाखवतात. तुमच्या कार्डाचा आयडी लिहून ठेवा. खोक्यावरच्या मॉडेल नंबरापेक्षा तो जास्त भरवशाचा, कारण एकाच मॉडेलच्या नावाखाली आतले सुटे भाग आणि सॉफ्टवेअर बदललेली कार्डं विकली जातात.

कार्ड सीडीवरच अडकलं तर

कार्ड आधी सीडी का होतं? विंडोजवर ड्रायव्हर बसवायला वेगळी तबकडी द्यावी लागू नये म्हणून कंपन्यांनी ड्रायव्हर कार्डाच्याच स्मृतीत ठेवले आणि कार्ड लावताच ते सीडीसारखं उघडेल अशी सोय केली. ड्रायव्हर बसला की तोच कार्डाला मोडेम व्हायला सांगतो. लिनक्समध्ये मोडेमचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो. फक्त तो ‘आता मोडेम हो’ हा निरोप द्यायला कुणीतरी लागतं. ते काम यूएसबी-मोडस्विच करतं.

ते बसवलेलं नसेल तर बसवा, कार्ड काढून पुन्हा लावा. बसवलेलं असूनही कार्ड सीडीच राहत असेल तर फाइल मॅनेजरमध्ये दिसणाऱ्या त्या सीडीवर उजवं क्लिक करून ‘इजेक्ट’ करून बघा. काही कार्डांना तोच इशारा पुरतो आणि ती मोडेम होतात. तेही चाललं नाही तर तुमचा आयडी यूएसबी-मोडस्विचच्या डेटा फाइलमध्ये नसण्याची शक्यता असते. डिस्ट्रो जुनी असेल तर आधी ते पॅकेज अद्ययावत करा.

सीडीत कधी कधी ‘लिनक्स’ नावाचं फोल्डर असतं आणि त्यात इन्स्टॉल करण्याची स्क्रिप्ट असते. ती चालवू नका, हे मी आग्रहाने सांगतो. अशा स्क्रिप्ट फार जुन्या कर्नलसाठी लिहिलेल्या असतात, रूट परवानगी मागतात आणि स्वतःचा डायलर (नेट जोडून देणारा प्रोग्राम) बसवतात. तो डायलर मोडेमचा पोर्ट अडवून धरतो आणि मग मोडेम मॅनेजरला मोडेमशी बोलताच येत नाही. ‘डब्ल्यूव्हीडायल’ या डायलरची फाइल हाताने लिहायला सांगणारे जुने लेखही याच कारणासाठी बाजूला ठेवा. एका वेळी एकाच प्रोग्रामने मोडेम हाताळायचा.

राउटर पद्धतीचं कार्ड

हुआवेची हायलिंक कार्डं या जातीची. यांच्या आत छोटा संगणकच असतो. तोच सिम सांभाळतो, नेटवर्कला जोडून घेतो आणि तुमच्या संगणकाला फक्त वायरचं नेटवर्क असल्याचं भासवतो. अशा कार्डासाठी मोबाइल ब्रॉडबँडचं कनेक्शन तयार करायचंच नसतं. मोडेम मॅनेजरलाही यात सहसा मोडेम दिसत नाही आणि ते बरोबरच आहे.

ब्राउझर उघडून १९२.१६८.८.१ किंवा १९२.१६८.१.१ या पत्त्यावर जा. बरोबर पत्ता कुठला ते शोधायला ‘आयपी राउट’ ही आज्ञा द्या. ‘डीफॉल्ट व्हाया’ या शब्दांनंतर येतो तो. तिथे कार्डाचं स्वतःचं पान उघडतं. पिन, एपीएन, रोमिंग, वापरलेला डेटा, आलेले मेसेज सगळं त्याच पानावर. लॉगिनचा मूळ पासवर्ड बदलून घ्या, कारण तो सगळ्या कार्डांना सारखाच असू शकतो.

आता एक बाब जी फारशी कुणी सांगत नाही आणि जिचा फटका थेट डेटा पॅकला बसतो. नेटवर्क मॅनेजर प्रत्येक मार्गाला एक क्रमांक देतो, त्याला मेट्रिक म्हणतात, आणि लहान क्रमांकाचा मार्ग आधी वापरतो. वायरच्या नेटवर्कला साधारण १००, वाय-फायला ६००, मोबाइल ब्रॉडबँडला ७००. हायलिंक कार्ड वायरचं नेटवर्क असल्याचं दाखवत असल्यामुळे ते वाय-फायच्याही पुढे जातं. वाय-फाय चालू आहे म्हणून तुम्ही निर्धास्त असता आणि सगळी वाहतूक कार्डावरून होत राहते. वाय-फाय असेल तेव्हा कार्ड काढून ठेवा, किंवा त्या वायर कनेक्शनच्या आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ या दोन्ही सेटिंगांत मेट्रिक ८०० करून टाका.

याच्या उलट, साध्या मोडेम कार्डाचा क्रमांक ७००. वाय-फाय चालू ठेवून कार्डाचा वेग मोजायला गेलात तर प्रत्यक्षात वाय-फायचाच वेग मोजला जातो. चाचणी घेताना वाय-फाय बंद करा.

मोडेम कार्ड: आधी अवस्था विचारा

ही जात सर्वांत जास्त आढळते आणि नवख्यांची गाडी इथेच अडते. टर्मिनलमध्ये ‘एमएमसीएलआय -एल’ ही आज्ञा द्या. यातला शेवटचा एल मोठा. मोडेम सापडला असेल तर एक लांबलचक मार्ग दिसेल, त्याच्या शेवटी ‘मोडेम/०’ असा क्रमांक आणि कार्डाचं नाव. कार्ड लावल्यावर मोडेम मॅनेजर ते तपासून बघतो, त्याला अर्धा मिनिट लागू शकतं, तेव्हा ‘मोडेम सापडला नाही’ असं उत्तर आलं तर थोडं थांबून पुन्हा विचारा. कार्ड काढून परत लावलं की क्रमांक एकाने वाढतो, त्यामुळे कालचा ० आज २ असू शकतो.

क्रमांक कळला की ‘एमएमसीएलआय -एम ०’ ही आज्ञा द्या. हा एम लहान, आणि शून्याच्या जागी तुमचा क्रमांक. माहितीचा मोठा तक्ता येतो. त्यातली ‘स्टेट’ ही एक ओळ शोधा. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली सर्वांत कामाची ओळ हीच, कारण अडचण कुठल्या पायरीवर आहे ते ती सरळ सांगते.

‘फेल्ड’ असेल तर शेजारी कारण लिहिलेलं असतं. ‘सिम मिसिंग’ म्हणजे सिम नीट बसलेलं नाही किंवा खाचेत घाण आहे. ‘लॉक्ड’ म्हणजे सिम पिन मागतंय. तक्त्यात ‘लॉक’च्या पुढे ‘सिम-पिन२’ असं दिसलं तर ते मनावर घेऊ नका. तो दुसरा पिन डेटासाठी लागत नाही. पण तिथे नेटवर्कच्या कुलपाबद्दल, म्हणजे ‘पीएच-नेट-पिन’ असं काही दिसलं तर कार्ड एका ठरावीक मोबाइल कंपनीलाच बांधलेलं आहे. दुसऱ्या कंपनीचं सिम त्यात चालणार नाही आणि हे लिनक्सच्या हातात नाही. ज्या कंपनीने कार्ड विकलं तिच्याकडूनच कुलूप उघडून घ्यावं लागतं.

‘डिसेबल्ड’ म्हणजे मोडेम ठीक आहे, फक्त झोपलेला आहे. कनेक्शन चालू केलं की जागा होतो. तरीही जागा होत नसेल तर ‘एनएमसीएलआय रेडिओ डब्ल्यूवॅन ऑन’ ही आज्ञा द्या. मोबाइल रेडिओ बंद केलेला असेल तर तो चालू होईल. ‘सर्चिंग’ म्हणजे नेटवर्क शोधतोय. बराच वेळ इथेच अडकला तर रेंज नाही, किंवा कार्डाला त्या कंपनीची फ्रिक्वेन्सी पकडताच येत नाही. हे जुन्या ३जी कार्डांच्या बाबतीत फार होतं. बऱ्याच देशांत ३जी जाळी बंद झाली आहेत. अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी ती २०२२ मध्ये बंद केली. अशा ठिकाणी ३जी कार्ड कितीही धडधाकट असलं तरी त्याला बोलायला समोर कुणी नसतं. ४जी कार्डही दुसऱ्या खंडासाठी बनवलेलं असेल तर इथले बँड त्यात नसू शकतात. सेकंडहँड कार्ड घेताना बँडची यादी आधी बघावी ती यासाठीच.

‘रजिस्टर्ड’ दिसलं की अर्ध्याहून अधिक काम झालं. सिम, रेंज, बँड सगळं जुळलं आहे. आता उरलं फक्त कनेक्शन.

कनेक्शन तयार करणं

आता कुठे सेटिंगमध्ये जायचं. नोम डेस्कटॉपवर सेटिंगच्या यादीत ‘मोबाइल नेटवर्क’ दिसतं, केडीई डेस्कटॉपवर ‘कनेक्शन्स’मध्ये अधिक चिन्ह. मिंटसारख्या डिस्ट्रोंत नेटवर्कच्या चिन्हातून ‘एडिट कनेक्शन्स’, मग अधिक चिन्ह, मग ‘मोबाइल ब्रॉडबँड’. पुढे विझार्ड एकेक प्रश्न विचारतो: कुठला मोडेम, कुठला देश, कुठली कंपनी, कुठला प्लॅन. शेवटी निवडलेला एपीएन दाखवतो. तो फोनमधून लिहून घेतलेल्या एपीएनशी ताडून बघा. फरक असेल तर फोनमधलाच खरा धरा, कारण साठवलेली यादी कधी कधी जुनी असते.

नंतर कनेक्शनच्या सेटिंगमध्ये डायल करायचा नंबर दिसला, *९९#, तर तो तसाच राहू द्या. युजरनेम आणि पासवर्ड बहुतेक कंपन्यांना लागत नाहीत. फोनमध्ये ते रिकामे असतील तर इथेही रिकामे ठेवा.

रोमिंगची चौकट मात्र बघा. स्वतःचे टॉवर नसलेल्या, दुसऱ्या कंपनीचं जाळं वापरणाऱ्या मोबाइल कंपन्यांची सिम घरच्या घरीही रोमिंगमध्ये असल्यासारखी दिसू शकतात. मोडेमच्या तक्त्यात नोंदणीपुढे ‘रोमिंग’ असं लिहिलेलं असेल आणि इथे रोमिंगला परवानगी नसेल, तर कनेक्शन जोडलंच जात नाही. मात्र तुम्ही खरोखरच परदेशात असाल तर परवानगी देण्याआधी दर विचारून घ्या.

टर्मिनलमधूनच करायचं असेल, उदाहरणार्थ पडदा नसलेल्या छोट्या संगणकावर, तर एक ओळ पुरते: ‘एनएमसीएलआय कनेक्शन ॲड’, मग ‘टाइप जीएसएम’, मग ‘आयएफनेम’ आणि अवतरणचिन्हांत तारांकन, मग ‘कॉन-नेम’ आणि तुमच्या पसंतीचं नाव, मग ‘एपीएन’ आणि तुमचा एपीएन. तारांकन म्हणजे जो मोडेम सापडेल तो. त्यानंतर ‘एनएमसीएलआय कनेक्शन अप’ आणि ते नाव.

जोडलं गेलं, पण पान उघडत नाही

‘पिंग १.१.१.१’ करून बघा. उत्तर येतंय पण वेबसाइटचं नाव दिलं की येत नाही, तर अडचण डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेची. कनेक्शनच्या आयपीव्ही४ सेटिंगमध्ये डीएनएसचा पत्ता १.१.१.१ किंवा ८.८.८.८ असा स्वतः भरा. पिंगलाही उत्तर नाही, तर एपीएन पुन्हा तपासा. चुकीच्या एपीएनवर काही कंपन्या जोडून घेतात, पण पुढे काहीच जाऊ देत नाहीत. रिचार्ज संपल्यावरही नेमकं असंच दिसतं.

सगळं चालतंय, फक्त बाहेरून तुमच्या संगणकात शिरता येत नाही, असं असेल तर सेटिंग बरोबरच आहे. मोबाइल कंपन्या बहुतेक वेळा एकच सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता अनेक ग्राहकांत वाटून वापरतात. घरच्या संगणकावर बाहेरून लॉगिन करायचं असेल तर व्हीपीएनचा मार्ग धरावा लागतो.

मधूनच तुटत असेल तर

इथे दोन संशयित: वीज आणि जागा. यूएसबी २ चा पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतो. रेंज कमी असली की कार्ड टॉवरपर्यंत पोचायला जास्त ताकद लावतं आणि ही मर्यादा गाठतं. मग कर्नलच्या संदेशांत अचानक ‘डिस्कनेक्ट’ आणि लगेच ‘नवं उपकरण’ अशी जोडी दिसते. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब वापरला की हे थांबतं. रास्पबेरी पायसारख्या छोट्या बोर्डांवर तर मी तो सुरुवातीपासूनच लावायला सांगेन.

जागेचं म्हणाल तर मीटरभराची यूएसबी एक्स्टेन्शन वायर घ्या आणि कार्ड खिडकीपाशी न्या. फायदा दुहेरी आहे. रेंज सुधारते, आणि कार्ड संगणकापासून दूर जातं. यूएसबी ३ च्या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट निघतो, हे इंटेलने २०१२ मध्येच प्रसिद्ध केलं होतं. त्या टप्प्याजवळचे ४जी बँड वापरणाऱ्या कार्डाला तो गोंगाट अगदी शेजारी नको असतो. फरक मोजायचा असेल तर ‘एमएमसीएलआय -एम ० --सिग्नल-सेटअप=५’ ही आज्ञा द्या, म्हणजे दर पाच सेकंदांनी माप घेतलं जाईल, आणि मग ‘--सिग्नल-गेट’ने ते वाचा. ४जीमध्ये आरएसआरपी, म्हणजे टॉवरच्या सिग्नलची ताकद, हा आकडा बघायचा. तो उणे ८०च्या आसपास असेल तर उत्तम, उणे १००च्या पुढे गेला की वेग मंदावतो, उणे ११५च्या पलीकडे जोडणी टिकणं कठीण. कार्ड हळूहळू फिरवत, खिडकीच्या चौकटीवर सरकवत हा आकडा बघितला तर वीतभर अंतरानेही तो बदलताना दिसतो. टक्क्यांत दिसणारी रेंज एवढं बारीक सांगत नाही.

लॅपटॉप झोपेतून उठल्यावर मोडेम गायब होत असेल तर ‘सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट मोडेममॅनेजर’ ही आज्ञा द्या, शेवटच्या शब्दातले दोन्ही एम मोठे. बहुतेक वेळा कार्ड काढायची गरज पडत नाही.

डेटा पॅक जपणं

जोडणी झाली की लगेच कनेक्शनच्या सेटिंगमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ला ‘येस’ करा. नेटवर्क मॅनेजर मोबाइल जोडणी मोजून वापरायची आहे हे स्वतःहून ओळखण्याचा प्रयत्न करतो, पण हायलिंक कार्ड त्याला वायरचं वाटत असल्याने तिथे त्याचा अंदाज चुकतो. हा पर्याय लावला की नोमचं सॉफ्टवेअर ॲप अपडेट आपोआप उतरवायचं थांबतं, उबुंटूचे पार्श्वभूमीवरचे अपडेटही थांबतात. स्नॅप पॅकेजांना मात्र वेगळं सांगावं लागतं: ‘सुडो स्नॅप सेट सिस्टिम रीफ्रेश.मीटर्ड=होल्ड’. सुरक्षेचे अपडेट यामुळे अडून राहतात, तेव्हा मोकळं वाय-फाय मिळालं की ते हाताने करून घ्या. ब्राउझर आणि टॉरेंट हा इशारा मानत नाहीत. त्यांच्यावर लक्ष तुम्हालाच ठेवावं लागेल.

कार्डातल्या सिमवर आलेले मेसेज, म्हणजे पॅकची माहिती किंवा ओटीपी, वाचायला सिम फोनमध्ये घालायची गरज नाही. ‘एमएमसीएलआय -एम ० --मेसेजिंग-लिस्ट-एसएमएस’ने यादी येते आणि ‘एमएमसीएलआय -एस’ व मेसेजचा क्रमांक दिला की मजकूर दिसतो. माउसने करायचं असेल तर ‘मोडेम मॅनेजर जीयूआय’ हा प्रोग्राम बसवा.

लॅपटॉपच्या आत बसवलेलं कार्ड

लॅपटॉपच्या आतल्या एम.२ कार्डालाही वरचं बरंचसं लागू आहे, फक्त सीडीचा टप्पा नसतो. एक अडचण मात्र खास त्यांची. काही लॅपटॉपमधली कार्डं एफसीसी लॉक (अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाच्या नियमांपायी रेडिओला घातलेलं कुलूप) लावून येतात: मोडेम दिसतो, सिम वाचतो, पण रेडिओ चालू होत नाही. मोडेम मॅनेजर आधी हे कुलूप आपोआप उघडायचा, १.१८.४ आवृत्तीपासून ते वापरणाऱ्याने स्वतः मान्य करावं लागतं. त्यासाठीच्या स्क्रिप्ट ‘/यूएसआर/शेअर/मोडेममॅनेजर’ (इथेही मोडेममॅनेजरमधले दोन्ही एम मोठे) या फोल्डरच्या आत ‘एफसीसी-अनलॉक.अव्हेलेबल.डी’मध्ये असतात. तुमच्या कार्डाच्या आयडीची स्क्रिप्ट तिथे असेल तर तिचा दुवा ‘/ईटीसी/मोडेममॅनेजर/एफसीसी-अनलॉक.डी’मध्ये करायचा आणि मोडेम मॅनेजर रीस्टार्ट करायचा.

तरीही अडलं तर मदत मागताना

‘डेटा कार्ड चालत नाही’ एवढंच लिहिलं तर मदत करणाऱ्याला पहिल्यापासून सगळं विचारत बसावं लागतं. डिस्ट्रोचं नाव आणि आवृत्ती, ‘एलएसयूएसबी’मधली कार्डाची ओळ, कार्ड लावल्यावर आलेले कर्नलचे संदेश आणि ‘एमएमसीएलआय -एम’चा पूर्ण तक्ता, एवढं सोबत द्या. जाणकार माणूस बहुधा तेवढ्यावरूनच सांगेल. तो तक्ता चिकटवण्याआधी त्यातला आयएमईआय (मोडेमचा ओळख क्रमांक) आणि तुमचा मोबाइल नंबर तेवढा पुसून टाका. ‘एमएमसीएलआय -आय’ने सिमची माहिती काढली असेल तर त्यातला आयएमएसआय (सिमचा ओळख क्रमांक) हाही.